कापडावरची आडवी रेघ

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. मागाखाली कापसाची भुरी साचते ना, तसे ते साचतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा बोटभर थर! त्यातून आमचा धंदा पॉवरलूमचा. माग चालू असले की त्या खडखडाटात शेजारच्याने दिलेली शिवीसुद्धा ऐकू येत नाही. लाईट गेली की एकदम कान उघडतात, आणि कान उघडले की तोंडं सुटतात. सगळी गल्ली चहाच्या टपरीवर. बऱ्हाणपुरात आजवर जेवढ्या गप्पा झाल्या असतील, त्यातल्या अर्ध्या तरी बिजली कंपनीच्या मेहरबानीने झाल्यात!

हल्ली गप्पा कमी झाल्या. का झाल्या, तेच सांगते.

आधी मंडळी. कारखाना माझा. नवरा आहे, चांगला धडधाकट आहे, पण त्याचा जीव देडतलाईच्या शेतात, केळीत. कापसाचा धागा शर्टाला चिकटलेला पण त्याला चालत नाही. म्हणून माग माझ्याकडे. शेजारचा कारखाना शकूर चाचांचा. आमच्या दोघांत एकच भिंत. ती त्यांच्या मागांनी हलते की माझ्या, हा वाद माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून चालू आहे. भिंत उभी आहे, वाद पण उभा आहे.

* * *

माझं कापड एकच सेठ घेतो. सूत द्यायचं, विणलेलं कोरं कापड घ्यायचं, पुढे रंगवायला पाठवायचं, हा त्याचा व्यवहार. दुकानात त्याने एक काचेचं टेबल केलंय, खालून ट्यूबलाईट. त्यावरून तागा ओढत नेतो आणि डोळे बारीक करून बघतो.

होळीच्या सुमाराला मी माल घेऊन गेले. सेठने तागा ओढायला घेतला आणि बोट ठेवत बोलायला लागला.

"इथे गेली. इथे पण गेली. हे बघा बहन, इथे आली, तुमच्या कारागिराने बिडी विझवली, माग चालू केला, आणि परत गेली!"

लाईट गेली की माग एका झटक्यात थांबत नाही. दम सोडत थांबतो. शेवटचे ठोके ढिले पडतात आणि कापडात आडवी रेघ उठते. कोऱ्या कापडात ती आपल्यासारख्याला दिसत पण नाही. रंगात टाकलं की अशी उठून दिसते, जसा गोऱ्या पाठीवर काठीचा वळ!

मी म्हटलं, "सेठ, कापड बघताय का लाईटचं पंचांग वाचताय?"

सेठ हसला नाही. म्हणाला, "पंचांगच आहे बहन. वरचा व्यापारी मला माल परत करतो. दिवाळीपर्यंत बघतो. नंतर माझा माल दुसऱ्या गावात विणून घेईन. तिथे लाईट जात नाही."

त्याचा माल गेला तर माझ्या मागांवर दुसरा ताणा, म्हणजे उभा धागा, चढणार नव्हता. कारागीर घरी आणि माग भंगारात, एवढाच हिशोब. आणि अशा बातम्या गल्लीत वाऱ्याआधी पोचतात. दुसऱ्याच दिवशी भंगारवाला हातगाडी माझ्या दारात लावून आत डोकावत होता.

"काय बघतोस रे?"

"कुछ नहीं काकी," तो म्हणाला. "अभी से थोड़ा अंदाज़ ले रहा हूँ!"

* * *

माझं डोकं सटकलं. त्याच आठवड्यात भर दुपारी लाईट गेली, तशी मी चप्पल घातली आणि सरळ सबस्टेशनवर गेले. फोन कोणी उचलत नाही, मग समोर उभं राहून भांडायचं.

तिथे गजानन ऑपरेटर. टेबलावर फोन, आणि रिसीव्हर काढून बाजूला झोपवलेला!

"हे काय?" मी विचारलं.

"मायबाई, काय करू?" गजानन म्हणाला. "फोन उचलू का लाईन बघू? उचलला तर शिव्या, नाही उचलला तर शिव्या. नाही उचलला की निदान ऐकू येत नाहीत. तूच बस ना इथे. मी ब्रेकर बघून येतो."

आणि खरंच गेला की! मी बसले. रिसीव्हर जागेवर ठेवला. ठेवायचा अवकाश, फोन वाजला.

पहिल्याला मी गोड बोलले. "हो दादा, लाईनमध्ये फॉल्ट आहे, माणसं गेलीत." दुसऱ्याला पण. तिसऱ्याने विचारलं, किती वेळ लागेल, तर मी म्हटलं, मला काय माहीत? चौथ्याने माझा बाप काढला. मी त्याचा आजा काढला. मग फोन थांबेचना. उचलला की लाईट कधी, ठेवला की पुन्हा ट्रिंग.

शेवटी एकावर मी ओरडलेच. "येईल तेव्हा येईल! सारखा सारखा फोन कशाला करता? आम्ही काय इथे झोपा काढतोय का?"

पलीकडून हळूच आवाज आला. शकूर चाचा!

"भाभी? आप नौकरी पे कब लगीं?"

* * *

पुढे आमच्या भागाला बिजली कंपनीचा नवा इंजिनियर आला. पांढुर्ण्याकडचा, नेपानगरहून बदली होऊन आलेला, तिशीतला पोरगा. बोलणं एकदम त्यांच्याकडचं, सगळं 'करून राहिलो, पाहून राहिलो.' मला पहिल्या दिवसापासून काकू म्हणायला लागला. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काकू म्हणा, मावशी म्हणा, लाईट गेली तर मी शिवीच देणार!"

तो म्हणाला, "द्या ना काकू. पण आधी सांगा, लाईट जाते कुठून?"

हे आम्हाला कोणी कधी विचारलंच नव्हतं. लाईट जाते, एवढंच आम्हाला माहीत. कुठून जाते, हा काय प्रश्न झाला?

तो तारेखालून पायी चालत गेला. आमची लाईन गावाबाहेर केळीच्या बागांतून येते. चालता चालता त्याला सापडलं. तापीच्या काठाला एका पाटलांची बाग, तिथे केळीची वाळलेली पानं कापून बांधावर ढीग लावलेले. वारा सुटला की ती धोतरासारखी लांब पानं उडतात आणि तारांना लटकतात. दोन तारा चिकटल्या की इकडे आमचे माग गप्प.

इंजिनियर मला आणि शकूर चाचांना घेऊन पाटलांकडे गेला. पाटील खाटेवर बसलेले. उठले नाहीत.

"पाटील," मी म्हटलं, "तुमच्या पानांनी आमचे माग बंद पडतात."

"मी पानांना सांगत नाही, तिकडे जा म्हणून. वाऱ्याला सांगा."

"ढीग तरी हलवा."

"बाई, एक सांगा," पाटील म्हणाले. "ह्यांची तार माझ्या शेतावरून गेली, मला कोणी विचारलं होतं का? नाही ना? मग आता माझी पानं ह्यांच्या तारेवरून गेली, तर मी कोणाला विचारू?"

आम्ही तिघं आल्या वाटेने मागे फिरलो. घरी मी भांडणात कधी हरत नाही. पण केळीवाल्यांशी माझं लग्नापासून जमलेलं नाही.

इंजिनियर मात्र परत येताना शिट्टी वाजवत होता. म्हणाला, "पाटील बरोबर बोलून राहिले. पानं नाही थांबणार, वारा नाही थांबणार. तारच बदलतो." पाऊस सुरू व्हायच्या आत त्याने तेवढ्या पट्ट्यात उघडी तार काढून वरून आवरण असलेली तार ओढून घेतली. पानं आता खुशाल लटकतात.

पाटील आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मीच कंपनीला सुचवलं!"

* * *

मग त्याने डब्याचं काढलं. कपॅसिटर. आम्ही डबाच म्हणतो. त्याचं म्हणणं असं, की मागाची मोटर कामाची बिजली ओढते आणि सोबत बिनकामाची पण ओढते. त्या बिनकामाच्या ओढीचा दंड आमच्या बिलात लागतो, आणि सगळ्या गल्लीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, पण त्यानेच पडतो. प्रत्येक कारखान्यात डबा बसला की दोन्ही कटकटी जातील.

गल्लीने मान डोलावली. आमच्याकडे मान डोलावणं म्हणजे 'बघू.'

इंजिनियरने सांगितलं, जुम्म्यानंतर येऊन प्रत्येकाचा डबा पाहीन. तेव्हा गल्लीने मिळून एक डबा आणला. एकच! आधी खरंच काही फरक पडतो का बघू, मग सगळे घेऊ, असा शहाणपणा. आणि साहेब येतील तेव्हा? शकूर चाचा म्हणाले, "एक कारखाने से दूसरे में पहुँचा देंगे. साहब को बीच में चाय पिलाओ."

साहेब आले. पहिल्या कारखान्यात डबा बघितला, मान हलवली. मग चहा. तेवढ्यात डबा मागच्या दाराने शकूर चाचांकडे. तिथे बघितला, मान हलवली. मग माझ्याकडे आले. मी म्हटलं, "आधी चहा घ्या, उन्हातून आलात." तिसरा चहा! पण पोरगा मुकाट्याने बसला.

भिंतीपलीकडे शकूर चाचा स्वतः डबा सोडवत होते. तेवढ्यात पलीकडून जोरात आवाज आला, "या अल्लाह!" आणि पत्र्यावर काहीतरी आदळलं.

मी इकडेतिकडे बघितलं. इंजिनियरने बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि शांतपणे म्हणाला,

"काकू, तार काढल्यावर बी त्याच्यात बिजली राहते. चाचाले म्हणावं, थोडं थांबून उचला. मी बसून राहिलो ना इथे, मले काही घाई नाही."

* * *

तारांच्या दुरुस्तीसाठी आमच्याकडे मंगळवारी दिवसभर लाईट बंद ठेवायचे. वर्षानुवर्षं मंगळवार. मंगळवारच का? कोणाला माहीत नाही. कोणा साहेबाचा उपास असेल!

नव्या इंजिनियरने टपरीवर विचारलं, "तुमचे माग हप्त्यातून कधी बंद असतात?"

"जुम्मे को," शकूर चाचा म्हणाले. गल्लीत निम्म्याहून जास्त कारागीर मोमीन, त्यांची सुट्टी शुक्रवारी. मग आम्ही पण त्याच दिवशी बंद ठेवतो.

"मग मी बी शुक्रवारीच बंद ठेवतो. तुमचा दिवस कायले खराब करू?"

एवढं सोपं होतं! गल्लीने त्याला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

पहिला शुक्रवार आला. भर वैशाख. आमच्याकडचं ऊन म्हणजे लोखंडी कडीला हात लावाल तर कातडी सोलून निघेल. माग बंद, त्यामुळे आम्ही खुशीत. आणि दुपारी मशिदीत सगळे नमाजाला जमले, तर पंखे बंद! माईक बंद! गल्लीची लाईन आणि मशिदीची लाईन एकच, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

नमाज झाल्यावर मौलाना घामाने निथळत बाहेर आले आणि विचारलं, "यह जुम्मे वाला मशवरा किसका था?"

सगळ्यांनी शकूर चाचांकडे बघितलं. शकूर चाचांनी छातीवर हात ठेवला आणि शांतपणे सांगितलं,

"भाभी का!"

मी तिथे नव्हतेच, म्हणून माझं नाव! संध्याकाळी मौलानांनी मला निरोप पाठवला. मी शकूर चाचांना त्यांच्याच दारात उभं करून असं झापलं, की त्यांच्या बेगमने मला आत बोलावून सरबत दिलं.

मग ठरलं, सकाळी उजाडता काम सुरू करायचं आणि अजानच्या आधी लाईट द्यायची. जन्मात कधी टाईम न पाळलेली कंपनी! पण लाईनमन मौलानांना असे घाबरले, की आजवर एकदा पण चुकले नाहीत. आता शुक्रवारी पंखे फिरायला लागले की लोक उठतात आणि टोपी शोधतात. घड्याळ कोणी बघत नाही!

* * *

दुपारी लाईट स्वस्त आणि संध्याकाळी महाग, हे त्यानेच आम्हाला समजावलं. दिवसा सूर्यावरची बिजली भरपूर असते, म्हणून दुपारी दर कमी. तो म्हणाला, संध्याकाळचं थोडं काम दुपारी घ्या, तेवढाच तुमचा माल स्वस्तात पडेल, मग दुसऱ्या गावाच्या मालाशी टक्कर घेता येईल.

कारागिरांना सांगितलं तर ते तयार होईनात. वर पत्र्याचं छप्पर. दुपारी आत म्हणजे भट्टी. कोरड्या हवेत धागा पण तुटतो. माझ्याकडचा जुना कारागीर भगवान म्हणाला,

"साहेब, सूर्याची लाईट स्वस्त आहे हो. पण तो स्वतः मीटर घेऊन आमच्या डोक्यावर बसतो ना!"

इंजिनियर म्हणाला, बघू बरं. आणि आत येऊन मागाजवळ स्टूल टाकून बसला. मी म्हटलं, बसू दे, कळेल. थोड्या वेळाने त्याने शर्टाची बटणं सोडली. मग रुमाल डोक्यावर. मग बूट काढले. मग उठून बाहेर गेला, टपरीवरच्या माठात तांब्या बुडवून तिथेच डोक्यावर ओतला.

परत येऊन म्हणाला, "छपराले वरून पांढरा चुना मारा. जमिनीवर पाणी मारा, धागा बी नाही तुटणार. खिडकीले ओलं पोतं लावा."

मी विचारलं, "हे पण तुमच्या नोकरीत येतं का?"

"नाही येत. पण काकू, तुमचे माग भंगारात गेले, तर माझी बिजली कोण घेईन? भंगारवाला?"

छपराला चुना मारला. फरक पडला, खोटं कशाला बोलू? भगवान आता दुपारची पाळी करतो. फक्त एक अट घातली त्याने. साहेबांनी सोडलेलं स्टूल त्यालाच पाहिजे!

* * *

पोळ्याच्या आसपास वरचे मोठे साहेब आले. कारखानदारांची सभा. हॉल, बॅनर, समोसे. विषय असा, की उद्योगांना बाजारात टिकायला बिजली कंपनी काय मदत करते. सगळी गल्ली गेली. समोसे होते ना!

मोठे साहेब सगळं हिंदीत बोलत होते. चांगलं बोलत होते. पण थोड्या वेळाने एकाचा फोन वाजला. तो उठून गेला. मग दुसऱ्याचा. मग तिघं एकदम. शकूर चाचा समोसा हातात घेऊनच पळाले. मोठ्या साहेबांना वाटलं, आपण कंटाळवाणे आहोत. त्यांनी आवाज चढवला. तसे आणखी चार उठले!

शेवटी हॉलमध्ये आम्ही उरलो. मोठे साहेब, आमचा इंजिनियर, मी, आणि समोसेवाला.

"सब लोग कहाँ चले गए?" साहेबांनी विचारलं.

मीच उठले. चौथी शिकलेल्या बाईला माईकची भीती नसते. "साहेब, तुम्ही येणार म्हणून आज गजाननने लाईनवर जागोजागी माणसं उभी केलीत. सकाळपासून लाईट एकदा पण गेली नाही. मागावरचे ताणे भराभर संपले. कारागिरांचे फोन आले, दुसरा ताणा द्या म्हणून. म्हणून मालक पळाले. तुम्ही रोज सभा घ्या. आमच्यातला एक पण जण येणार नाही!"

साहेबांनी इंजिनियरकडे बघितलं. "रोज़ ऐसे क्यों नहीं चलती?"

"सर, आजच्याइतके आदमी रोज मिळाले तर रोज चालते," इंजिनियर म्हणाला. मराठी-हिंदीची खिचडी करूनच म्हणाला.

साहेबांनी बॅनरकडे बघितलं. मग समोसेवाल्याला म्हणाले, बाकीचे लाईनवाल्यांना वाटून टाका. आणि त्यातली काही माणसं कायमची आमच्या लाईनला देऊन गेले. बॅनर अजून हॉलमध्येच आहे. एका कोपऱ्यात सुटलंय.

* * *

आता शेवटचं.

नवरात्र संपलं. दिवाळी तोंडावर. मी सेठकडे नवे तागे घेऊन गेले. सेठने टेबलावर कापड ओढायला घेतलं. ओढलं, ओढलं, डोळे बारीक केले, चष्मा पुसला, पुन्हा ओढलं. बोट टेकवायला जागा नाही! एक तागा झाला. दुसरा झाला. मी खुर्चीत आरामात बसलेली.

सेठने कापड गुंडाळलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं चोराकडे बघतात.

"बहन, हा माल तुमचा नाही."

"काय?"

"हा तुमचा माल नाही. तुम्ही दुसऱ्या गावातून आणून माझ्या टेबलावर ठेवलाय. बऱ्हाणपुरात असं कापड होत नाही. मी बाप-आज्यापासून बघतोय."

माझ्या तोंडात ज्या शिव्या आल्या त्या इथे लिहीत नाही. मी म्हटलं, "उठा. आत्ता माझ्याबरोबर चला."

सेठ आला. गल्लीत तो कधी पाय ठेवत नाही, पण आला. माझ्या कारखान्यात मागासमोर त्याला भगवानच्या स्टुलावर बसवला. बातमी लगेच फिरली. शकूर चाचा आले, त्यांच्यामागे आणखी चौघे. आपले माग चालू सोडून सेठकडे बघत उभे.

समोर कापड उतरत होतं. सेठ कापडावर हात फिरवत होता. लाईट जाईना. दुपार गेली, चहा झाला. लाईट जाईना! सेठची मान हळूहळू खाली गेली, मग एकदम वर आली.

"आज मी येणार म्हणून व्यवस्था केलीय तुम्ही. मला काय कळत नाही? लाईट जाऊ द्या. मला रेघ दाखवा, तीच जुनी. म्हणजे मी मानतो, की हे माग तेच आणि कापड तुमचंच."

आता लाईट कशी घालवायची? आजवर आम्ही ती आणायच्याच मागे होतो!

मी इंजिनियरला फोन लावला. खडखडाटापासून लांब, दारात जाऊन स्पीकर लावला. सगळे कानात प्राण आणून गोळा.

"साहेब, एक काम आहे. आमच्या गल्लीची लाईट जरा घालवा."

"काय?" पोरगा ओरडलाच. "काकू, तब्येत बरी आहे ना?"

"माझी बरी आहे. इथे एक माणूस बसलाय, त्याला कापडात रेघ पाहिजे. चालत्या मागाची लाईट घालवून दाखवा म्हणतो."

तो भडकलाच. एवढ्या दिवसांत मी त्याला चिडलेलं कधी ऐकलं नव्हतं.

"काकू, गल्लीत या टाईमले किती माग चालून राहिले माहीत आहे ना? सगळ्यांच्या कापडात रेघ पाडू? लाईनमन उन्हातान्हात खांबावर चढले ते कायच्यासाठी? कोण आहे तो माणूस? आणि तुमच्या मागावर आता कापड उतरून राहिलं, ते कोणाचं आहे? त्या मालकाले विचारलं का, तुझा माल खराब करू का म्हणून? बोलवा त्याले फोनवर!"

सेठ स्टुलावरून असा उठला, की स्टूल मागे पडलं. धावत दारात आला, माझ्या हातातला फोन दोन्ही हातांनी धरला आणि ओरडला,

"अरे नहीं नहीं, साहब! बंद मत करना! माल मेरा है!"